मठिका ते माजघर : एकट्याने करायच्या योगाभ्यासाचा मागोवा

२०२० च्या टाळेबंदीत योगवर्ग बंद पडले, तेव्हा माझ्या परिचयातल्या पुष्कळांची एक विचित्र अडचण झाली. ही सात-सात, आठ-आठ वर्षे नेमाने वर्गाला जाणारी माणसे. आसने त्यांना येत होती. पण घरी चटई अंथरल्यावर आधी काय करायचे, मग काय, किती वेळ आणि थांबायचे कधी, हे सांगणारा आवाज समोर नव्हता. काहींनी तो आवाज मोबाइलच्या पडद्यावर परत मिळवला. बाकीच्यांचा योग त्या वर्षी सुटला तो सुटलाच.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला. समोर कोणी नसताना, घरच्या घरी, आपल्या अंदाजाने योगाभ्यास करणे ही मुळातली रीत आहे, की वर्गाला जायचा कंटाळा करणाऱ्यांनी काढलेली पळवाट? मी योगशिक्षक नाही आणि इतिहासाचा प्राध्यापकही नाही. नोकरी सांभाळून जुनी पुस्तके जमवणारा आणि त्यांतून जमेल तेवढे शिकणारा माणूस आहे. पण ह्या प्रश्नाचे उत्तर शोधताना लक्षात आले, की ते बरेचसे आपल्या महाराष्ट्रातच दडलेले आहे. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत योगाला आजचे रूप देणाऱ्या माणसांपैकी निदान चार जण मुंबई, लोणावळा, औंध आणि पुणे ह्या टापूत काम करत होते. आणि चौघांनाही हाच प्रश्न पडला होता : जो माणूस आपल्यापर्यंत पोचू शकत नाही, त्याच्या हाती काय द्यायचे?

चार हात मोकळी जागा

आधी जुन्या ग्रंथांकडे पाहू. स्वात्मारामाची हठप्रदीपिका साधारण पंधराव्या शतकातली. तिच्या पहिल्याच उपदेशात साधकाने कुठे राहावे ह्याचे वर्णन आहे. चांगले राज्य, धार्मिक लोक, मुबलक भिक्षा आणि उपद्रव नाही असा मुलूख बघावा. तिथे एकांतात लहानशी मठिका असावी. चारी बाजूंना एक धनुष्य, म्हणजे चार हात, अंतरात दगड, विस्तव, पाणी नसावे. दार लहान, खिडक्या-भोके नाहीत, जमीन शेणाने नीट सारवलेली, किडामुंगी नाही. बाहेर मांडव, ओटा, विहीर आणि भोवती कुंपण. अशा जागी बसून, सगळ्या चिंता टाकून, गुरूने दाखवलेल्या वाटेने योगाचा अभ्यास करावा.

ह्या वर्णनात दुसऱ्या माणसाला जागाच नाही. एवढेच नव्हे, योग कशाने बिघडतो ह्याची सहा कारणे पुढे दिली आहेत, त्यांत अतिआहार, अतिश्रम, बडबड ह्यांच्या पंगतीला 'जनसंग' म्हणजे माणसांची गर्दी बसवली आहे. आणि योग कशाने साधतो ह्याच्या यादीत जनसंगाचा त्याग आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायातला योगीही एकटाच, एकांतात बसलेला आहे. त्याच अध्यायावर शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरांनी मराठीत जे विवरण केले, त्यात जागा कशी निवडावी, आसन कसे मांडावे, टाच कुठे दाबावी, पाठ-मान कशी राहते इथपर्यंत बारकावे आहेत. संस्कृत न येणाऱ्याला हे सगळे आपल्या भाषेत ऐकायला मिळाले, ही मराठीपुरती फार मोठी घटना होती.

मग गुरूचे काय? तो तर सगळीकडे आहे. गुरूच्या मुखातून आलेली विद्याच वीर्यवान, एरवी ती निष्फळ आणि दुःखदायक, असे शिवसंहिता स्पष्ट सांगते. हठप्रदीपिकेत प्राणायामाबद्दल इशारा आहे : सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू माणसाळवतात, तसाच श्वास हळूहळू ताब्यात आणावा, नाहीतर तो साधकालाच मारतो. चुकीच्या अभ्यासाने उचकी, दमा, खोकला, डोके-कान-डोळे दुखणे असे विकार होतात, हेही तिथेच सांगितले आहे.

एकांत हवा आणि गुरूही हवा, ह्यात विरोध वाटतो. पण आपल्याकडे गाणे शिकणाऱ्याला तो वाटणार नाही. गुरूसमोर बसून घेतात ती तालीम आणि नंतर एकट्याने करतात तो रियाज. तालीम थोडा वेळ, रियाज तासन्‌तास. गुरू समोर बसल्याशिवाय ज्याचा आवाजच निघत नाही, त्याला कोणी गवई म्हणत नाही. जुन्या हठयोगाची रचना हीच होती. गुरूने वाट दाखवायची आणि ती चालायची एकट्याने. आजच्या वर्गात ह्या दोन गोष्टी एकाच तासात कोंबल्या गेल्या. वर्गातला तास हा तालमीचा असतो, पण आपण त्यालाच रियाज समजतो.

छापखान्याने उघडलेले दार

ही विद्या गुप्त ठेवावी, असेही हठप्रदीपिका बजावते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या छापखान्यांनी ती गुप्तता संपवली. १८९३ साली तुकाराम तात्या ह्यांनी थिऑसॉफिकल मंडळींच्या प्रकाशन निधीतर्फे हठप्रदीपिका इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केली. तुकाराम तात्या पडवळ हे नाव मराठी वाचकांना वेगळ्या संदर्भात माहीत असेल. जातिभेदावर घणाघात करणारे 'जातिभेद विवेकसार' हे १८६१ चे पुस्तक त्यांचेच, आणि त्याची दुसरी आवृत्ती पुढे जोतीराव फुल्यांनी काढली. तुकोबांच्या अभंगांची गाथाही तुकाराम तात्यांनी छापली. मला ह्या तिन्ही कामांत एकच धागा दिसतो. मूठभरांच्या मुठीत असलेले ज्ञान छापून बाजारात ठेवायचे, मग ज्याला हवे त्याने ते घ्यावे.

पण छापील पानातून योग शिकता येतो का? १८९६ च्या 'राजयोग' ग्रंथाच्या प्रस्तावनेत स्वामी विवेकानंदांनी सावध केले होते, की थोडे अपवाद सोडले तर योग गुरूच्या प्रत्यक्ष सहवासातच निर्धोकपणे शिकता येतो. म्हणजे विसावे शतक उजाडताना स्थिती अशी होती, की पुस्तक मिळत होते, गुरू मिळत नव्हता आणि गुरूवाचून पुस्तक उघडू नये असे पुस्तकच सांगत होते. ह्या कोंडीतून वाट काढण्याचे काम पुढच्या पिढीवर आले.

लोणावळ्याचे कोष्टक

जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, ह्यांचा जन्म १८८३ चा. व्यायामाचे धडे त्यांनी बडोद्याला राजरत्न माणिकरावांकडे घेतले, योग नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदासांकडे. मधली काही वर्षे ते अमळनेरला शिक्षणकार्यात होते. बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांच्या साहाय्याने त्यांनी उड्डियान आणि नौली ह्यांचे प्रयोग केले. १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक काढले.

कुवलयानंदांच्या प्रयोगशाळेबद्दल पुष्कळांनी लिहिले आहे. मला जास्त महत्त्वाचे वाटते ते त्यांच्या १९३१ च्या आसनांवरील पुस्तकातले कोष्टक. सगळी आसने करू शकणाऱ्यासाठी एक पूर्ण अभ्यासक्रम आणि वेळ किंवा ताकद कमी असणाऱ्यासाठी एक छोटा. प्रत्येक आसनासमोर सुरुवातीला किती वेळ, दर आठवड्याला किती वाढवायचे आणि जास्तीत जास्त कुठे थांबायचे. सोबत कोणी काय करू नये ह्याच्या सूचना.

दिसायला हे कोष्टक साधे, शाळेच्या वेळापत्रकासारखे आहे. पण त्याने एक फार अवघड काम केले. गुरूजवळ दोन गोष्टी असतात. एक, आसनाचे रूप. ते चित्रात किंवा फोटोत दाखवता येते. दुसरी म्हणजे माप : आज एवढे पुरे, उद्या थोडे जास्त, तुझ्या प्रकृतीला हे नको. हे माप आजवर गुरूच्या डोळ्यांत होते. कुवलयानंदांनी ते कागदावर उतरवण्याचा प्रयत्न केला. कागदावरचे माप गुरूच्या नजरेइतके बारीक नसणार, हे उघड आहे. पण ज्याच्या गावात गुरूच नाही, त्याच्यासाठी नसल्यापेक्षा हे शंभर पटींनी बरे.

ह्या पद्धतीचा सर्वांत प्रसिद्ध विद्यार्थी म्हणजे महात्मा गांधी. १९२७ च्या मार्चमध्ये कोल्हापूरला गांधीजींची प्रकृती एकाएकी ढासळली. रक्तदाब वाढला होता. विश्रांतीसाठी ते पुढे म्हैसूर संस्थानातल्या नंदी टेकडीवर राहिले. ह्या काळात कुवलयानंदांशी त्यांचा पत्रव्यवहार झाला. कोणते आसन केले, कसे वाटले, पुढे काय करावे, असा तो मजकूर. गांधीजी स्वतःच्या शरीरावर प्रयोग करण्यात मुरलेले, त्यामुळे डोळे झाकून आज्ञा पाळणारा हा शिष्य नव्हता. पण करणारा एकटा, नोंद ठेवणारा एकटा आणि अधूनमधून जाणकाराला विचारणारा, ही तिहेरी रीत ह्या पत्रांत नीट दिसते. घरी योग करणाऱ्यासाठी ह्याहून चांगला नमुना मला अजून सापडलेला नाही.

औंधचा नमस्कार

सातारा भागातल्या छोट्याशा औंध संस्थानाचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी हे चित्रकार, कीर्तनकार आणि व्यायामाचे मोठे वेडे. तरुणपणी, १८९७ च्या सुमारास, त्यांनी सँडोची उपकरणे आणि पुस्तक विकत घेतले आणि दहा वर्षे त्या पद्धतीने व्यायाम केला. म्हणजे पुस्तकावरून, घरी, एकट्याने शिकण्याचा अनुभव त्यांच्या गाठीला आधीपासून होता. पुढे मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि आयुष्यभर त्याचाच प्रचार करत राहिले.

नमस्कार घालणे आपल्याकडे नवे नव्हते. सूर्याची बारा नावे घेऊन नमस्कार घालण्याची चाल पुष्कळ घरांत होती. नवस म्हणून, व्रत म्हणून, मुंजीनंतरचा नेम म्हणून. भवानरावांनी ह्या घरगुती उपासनेला दहा अवस्थांचा काटेकोर व्यायाम केले. कोणत्या अवस्थेत श्वास घ्यायचा, कोणत्या अवस्थेत सोडायचा, हात कुठे, गुडघा कुठे, हे फोटोंसह छापले. औंधच्या शाळांत नमस्कार सक्तीचे केले. १९२८ साली त्यांचे इंग्रजी पुस्तक आले. पुढे लुईझ मॉर्गन ह्या पत्रकार बाईंनी १९३८ साली लंडनमध्ये दहा अवस्थांची ही पद्धत सांगणारे पुस्तक प्रसिद्ध केले. औंध नकाशावर दाखवता न येणाऱ्या इंग्रज बायका त्या पुस्तकावरून आपल्या खोलीत नमस्कार घालू लागल्या.

त्या काळी नमस्कार हा व्यायाम आणि आसने हा योग, असा भेद मानत. मुंबईच्या योगेंद्रजींना तर ही सरमिसळ मुळीच मान्य नव्हती. पण घरच्या अभ्यासाच्या इतिहासात नमस्काराचे स्थान मोठे आहे, कारण त्यात क्रम चुकण्याची सोय नाही. एक अवस्था संपली की पुढची आपोआप येते. किती घातले ते आकड्यात कळते. साधन लागत नाही, पैसा लागत नाही, पुरुषभर लांबीची जागा पुरते. माझ्या आत्याने आयुष्यात कधी योगवर्गाचे तोंड पाहिले नाही. पण माजघराचे दार लोटून, पदर खोचून ती बारा नमस्कार घालायची आणि मगच चुलीकडे वळायची. तिला कोणी शिकवले असे विचारले, तर म्हणायची, 'शिकवायचं काय त्यात? घालायचे.'

बायकांची गोष्ट इथे वेगळी सांगायला हवी. तालीम पुरुषांची, आखाडा पुरुषांचा, वस्ताद पुरुष. मठिकेतला हठयोगीही ग्रंथांनी पुरुषच कल्पिलेला. योगेंद्रजींनी १९१८ च्या नाताळात मुंबईत वर्सोव्याला योग संस्था काढली. तेही माधवदासांचेच शिष्य. गृहस्थाला झेपेल असा सोपा योग हे त्यांचे ध्येय होते, आणि १९२८ च्या त्यांच्या पुस्तकात आसने सुलभ करून सांगितली आहेत. त्यांच्या पत्नी सीतादेवी ह्यांनी १९३४ साली स्त्रियांसाठी आसनांचे स्वतंत्र पुस्तक लिहिले. ज्या बाईला घराबाहेर पडून कोणा परपुरुषासमोर आसने करणे शक्यच नव्हते, तिच्यासाठी एका बाईने लिहिलेले पुस्तक हीच शिक्षिका होती. एकट्याने करायचा योग हा तिच्यासाठी आवडीचा प्रश्न नव्हता, दुसरी वाटच नव्हती.

वर्ग आला कुठून?

मग रांगेत चटया, समोर शिक्षक, तोंडी आज्ञा, सगळ्यांचे हात एकदम वर, हा प्रकार कुठून आला? तो आला शाळेच्या मैदानावरून. इंग्रजी अमदानीत शाळांमध्ये कवायत रुजली होती. एक शिक्षक शे-दोनशे मुलांना एकाच वेळी हलवू शकतो, हे तिचे सामर्थ्य. राष्ट्रीय वृत्तीच्या व्यायामप्रसारकांना तेच सामर्थ्य देशी व्यायामाला द्यायचे होते. १९३६ साली 'यौगिक संघ व्यायाम' हे पुस्तक आले. लिहिणारे कोण, तर स्वतः कुवलयानंद. एकट्या साधकासाठी कोष्टक रचणाऱ्यानेच आज्ञांवर करायचा सांघिक योगही रचला. नागपूरचे जनार्दनस्वामी पुढे घरोघर फिरून विनामूल्य योग शिकवू लागले, तेव्हा त्यांनीही 'सुलभ सांघिक आसने' ही पद्धत बसवली. आणि २१ जून २०१५ रोजी, पहिल्या आंतरराष्ट्रीय योगदिनी, दिल्लीच्या राजपथावर ३५,९८५ लोकांनी एकत्र आसने केली. मठिकेच्या लहान दारापासून हा फार लांबचा प्रवास आहे.

वर्गाला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. वर्गाने योग गरिबांपर्यंत, मुलांपर्यंत, म्हाताऱ्यांपर्यंत नेला. सोबतीने उत्साह येतो, नेम टिकतो, चुकत असेल तर कोणीतरी पाहते. मुद्दा एवढाच, की वर्ग ही नवी सोय आहे, उणीपुरी शंभर वर्षांची. ती सोय म्हणून ठीक आहे. पण वर्गाबाहेर केलेला योग हा खरा योगच नव्हे, असे जेव्हा आज कोणी सुचवतो, तेव्हा परंपरेचे नाव घेण्याचा अधिकार त्याला नाही. परंपरा उलट बाजूला उभी आहे.

पुण्यातला एकटा मुलगा

आता चौथा माणूस. १९३७ साली अठरा वर्षांचा एक मुलगा म्हैसूरहून पुण्याला आला. मॅट्रिकची परीक्षा नापास, क्षयाने आणि हिवतापाने बालपण पोखरलेले, मराठी येत नव्हते. डॉ. व्ही. बी. गोखले ह्यांच्या पुढाकाराने डेक्कन जिमखान्यावर सहा महिन्यांसाठी आसने शिकवायला त्याला बोलावले होते. त्याचे नाव बी. के. एस. अय्यंगार. गुरू कृष्णमाचार्य शेकडो मैल दूर. त्यांच्याकडून प्रत्यक्ष शिकायला मिळाले होते तेही थोडके, आणि प्राणायाम तर त्यांनी शिकवलाच नव्हता.

समोर कॉलेजात शिकलेली, अंगाने दणकट मुले. त्यांना दाखवायचे तर आधी स्वतःला आले पाहिजे आणि का करायचे तेही कळले पाहिजे. अय्यंगारांनी पुढच्या वर्षांत एकट्याने दिवसाचे कित्येक तास सराव केला. रस्त्याकडेच्या विटा आणि दगड आधाराला घेतले, पाठीची कमान साधायला रस्ता दाबायचा रूळसुद्धा वापरला. विटांवर, दोरांवर, खुर्चीवर आसन करण्याची जी रीत आज जगभर 'अय्यंगार योग' म्हणून चालते, तिचे मूळ ह्या एकाकी काळात आहे. हाताला धरून दाखवणारा गुरू नाही, तर वीट तरी सांगेल हात कुठे टेकला ते. प्राणायामाची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. पहाटे उठून बसायचे, श्वास बिनसला की सोडून द्यायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचे. हे वर्षानुवर्षे चालले, आणि प्राणायामावरचे त्यांचे पुस्तक आले ते १९८१ साली.

१९६६ साली लंडनमधून त्यांचे 'लाइट ऑन योग' प्रसिद्ध झाले. मराठीत ते 'योगदीपिका' नावाने मिळते. दोनशे आसने, सुमारे सहाशे छायाचित्रे. प्रत्येक आसनापुढे १ ते ६० पैकी एक अंक : १ सर्वांत सोपे, ६० सर्वांत अवघड. सुरुवातीला सूचना आणि सावधगिरीचे स्वतंत्र प्रकरण. शेवटी परिशिष्टात आठवड्यागणिक अभ्यासक्रम. एकूण तीनशे आठवडे, म्हणजे पावणेसहा वर्षांच्या आसपास. कुवलयानंदांच्या कोष्टकाचा हा विस्तारच म्हणता येईल. ज्याला गुरू जवळ लाभला नाही, त्याने गुरू जवळ नसणाऱ्यांसाठी लिहिलेले पुस्तक, असे मी त्याच्याकडे पाहतो.

ह्या पुस्तकाची जुनी इंग्रजी प्रत मला पुण्यात रद्दीच्या दुकानात मिळाली. परिशिष्टातल्या आठवड्यांसमोर कोणा अनोळखी वाचकाने पेन्सिलीने बारीक खुणा केल्या आहेत. पहिल्या काही आठवड्यांसमोर एकेकच खूण आहे. पुढे एका आठवड्यासमोर चार, दुसऱ्यासमोर सात. त्याने तो आठवडा सात वेळा केला असणार. पुस्तकाने एक आठवडा सांगितला, शरीराने सात मागितले, आणि त्याने शरीराचे ऐकले. खुणा बेचाळिसाव्या आठवड्याशी थांबतात. पुढे काय झाले कळायला मार्ग नाही. पण एका आठवड्यासमोरच्या त्या सात खुणा मला फार मोलाच्या वाटतात. वर्गात सात वेळा थांबायची मुभा नसते. वर्ग पुढे जातो.

पुस्तकाचा गुरू आणि शरीराचा शिष्य

ह्या सगळ्या शोधातून माझ्या हाती काय लागले, ते आता मांडतो.

पहिले, एकट्याचा अभ्यास म्हणजे मनाला येईल तसा अभ्यास नव्हे. ज्यांनी ज्यांनी एकट्या माणसासाठी लिहिले, त्यांनी स्वातंत्र्याआधी क्रम दिला. औंधचा नमस्कार दहा अवस्थांचा, लोणावळ्याचे कोष्टक मिनिटांचे, पुण्याचा अभ्यासक्रम आठवड्यांचा. रोज उठून 'आज काय करावे बरे' असा विचार करणाऱ्याचा अभ्यास टिकत नाही. ठरलेली पाच-सहा आसने, ठरलेली जागा, ठरलेली वेळ ह्यांवरच तो उभा राहतो. मग प्रकृतीप्रमाणे त्यात फेरफार.

दुसरे, माप. आसन किती सुंदर झाले ह्यापेक्षा ते झाल्यावर श्वास कसा आहे, दुसऱ्या दिवशी अंग कसे आहे, हे पाहायला ह्या मंडळींनी शिकवले. हठप्रदीपिकेतले विघ्न आठवा : अतिश्रम. आणि त्याच यादीत 'नियमाग्रह' म्हणजे नियमाला हटवादीपणे चिकटून राहणे हेही विघ्नच मानले आहे. कोष्टक पाळायचे, पण कोष्टकाचे गुलाम व्हायचे नाही, हे पाचशे वर्षांपूर्वी सांगून झाले आहे.

तिसरे, मर्यादा. शीर्षासन, दीर्घ कुंभक, नौली ह्या गोष्टी पुस्तकावरून एकट्याने सुरू करू नयेत, आणि रक्तदाब, मानेचे दुखणे, डोळ्यांचे विकार, गरोदरपण असेल तर आधी जाणकाराला आणि डॉक्टरला विचारावे. सावधगिरी जुने ग्रंथही बजावतात आणि नवी पुस्तकेही. गुरूची गरज संपत नाही. ती रोजची राहत नाही, इतकेच. गांधीजींनी पत्राने विचारले, आपण वर्षातून दोन-चार वेळा समक्ष जाऊन दाखवून यावे. गवईसुद्धा रियाज एकट्याने करतो आणि अडले की तालमीला जातो.

चौथे, आणि मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे : शिकवणाऱ्याची कसोटी. ज्याचे विद्यार्थी दहा वर्षांनंतरही त्याच्या आवाजाशिवाय हलू शकत नाहीत, त्याने आसने शिकवली असतील, अभ्यास शिकवला नाही. हठप्रदीपिका म्हणते, की तरुण, म्हातारा, अतिवृद्ध, रोगी, दुबळा, कोणालाही अभ्यासाने सिद्धी मिळते, नुसते ग्रंथ वाचून नाही की वेष घालून नाही. ह्यात कर्ता कोण, तर अभ्यास करणारा. दुसऱ्या कोणी त्याच्या वतीने तो करू शकत नाही.

पुण्यात शिवाजीनगरला १९७५ मध्ये अय्यंगारांची संस्था उभी राहिली. तिथल्या शिकवणीच्या तासांबद्दल जगभर बोलले जाते, पण त्याच सभागृहात सकाळी एक वेगळी वेळ राखलेली असे, नुसत्या सरावाची. त्या वेळी कोणी आज्ञा देत नसे. देशोदेशीचे विद्यार्थी आपापल्या चटईवर आपापले आसन करत, कोणी दोराला लटकलेले, कोणी खुर्चीवर वाकलेले, कोणी नुसते पडून. आणि त्यांच्याच मध्ये एका कोपऱ्यात नव्वदी ओलांडलेले अय्यंगार स्वतःचा अभ्यास करत असत. २०१४ च्या ऑगस्टमध्ये, पंचाण्णवव्या वर्षी, ते गेले. त्या सभागृहात माणसे पुष्कळ होती, पण अभ्यास प्रत्येकाचा एकट्याचा होता.